एका वर्षाची रेघ

किर्नबाख, १७ एप्रिल

प्रिय क्विरिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? ओळखूनही फोडलं असशील तर माझं निम्मं काम झालं. नसेल ओळखलं तर सांगते, मी बुर्गल, किर्नबाखच्या गिरणीवाल्यांची. तुझ्या सायकलच्या दांड्यावर बसून चार उन्हाळे तळ्यावर पोहायला यायची आणि उतरताना दर वेळी तुलाच म्हणायची की नीट चालवता येत नाही तर बसवतोस कशाला. बावीस वर्षांत हे पत्र मी कितीदा लिहायला घेतलं याचा हिशेब नको. दर वेळी ‘प्रिय क्विरिन’ लिहिलं की माझी गाडी अडायची. आज अडू द्यायची नाही असं ठरवून बसलेय, म्हणून भराभर लिहिते, अक्षराला हसू नकोस.

आधी गावाकडचं सांगते. बाबा जाऊन आठ वर्षं झाली. आई या जानेवारीत गेली, झोपेत, कुणाला त्रास न देता, म्हणजे जन्मात पहिल्यांदाच. माझा भाऊ हार्टल सुतारकीच करतो. डाव्या बाजूला काचेचा डोळा आहे. लाकूड मापताना मान कोंबड्यासारखी वळवतो, पण त्याच्यासारखा जिना अजून या भागात कुणी बांधत नाही. लग्न झालं, दोन मुली आहेत. मी लग्न केलं नाही. तुझ्यासाठी नाही हं, उगाच फुशारून जाऊ नकोस. माझ्या जिभेपुढे कुणी टिकलं नाही. तुझी आई गुरुवारच्या बाजारात अजून अंडी घेऊन बसते. किर्नबाखचं माणूस तिच्यासमोरून जाताना मान फिरवतं. मी मात्र दर गुरुवारी तिच्याकडून दहा अंडी घ्यायचे. आम्ही बोलायचो नाही. ती माझ्यासाठी मोठी मोठी निवडून ठेवायची.

तो रविवार तुला माझ्याइतकाच आठवत असणार, तरी लिहिते, कारण हे पत्र आणखी कुणी वाचलं तर त्यालाही कळायला हवं. मे महिन्याचं झाड, एक मेला गावात उभारायचा तो सोललेला खांब, आमच्या कोठारात तयार होऊन पडलं होतं, तीस मीटरचं, निळे-पांढरे पट्टे ओढलेलं. तुम्ही शेजारच्या गावचे लोहमोसवाले ते चोरायला येणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कधी येणार तेवढंच माहीत नव्हतं. ते मी तुला सांगितलं. रविवारी दहाच्या प्रार्थनेला सगळं गाव चर्चमध्ये असेल, राखणीला एकटा हार्टल, तोही रात्रभर जागून पेंगलेला. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. पण चोरी कसली, खेळच तो! झाड पळवायचं, मग पिंपभर बिअर आणि जेवण घेऊन वाजतगाजत परत करायचं. नियम एकच, देवळातल्या शपथेसारखा पाळायचा: गावाची पाटी ओलांडायच्या आत राखणदारानं झाडावर हात ठेवून ‘झाड इथंच राहणार’ म्हटलं की चोरांनी मुकाट खाली ठेवून घरी जायचं. ओढाताण नाही, मारामारी नाही.

तुम्ही बाराजण गाडा ओढत पाटीपर्यंत पोचलात आणि हार्टल जागा झाला. उघड्या पायांनी धावला वेडा. प्रार्थना चुकवून मी कॉफीची किटली घेऊन तिथंच उभी होते. तू शेपटाकडच्या टोकाला होतास, लालबुंद झालेला, आणि माझ्याकडे बघून हसत होतास. हार्टलचा हात झाडापासून वीतभर लांब होता. मला तू जिंकायला हवा होतास रे, दुसरं काही नाही. मी हसत हसत मागून त्याचा कोपर धरला आणि खेचला. लहानपणी पंगतीत त्याच्या ताटातला तुकडा पळवताना खेचायचे तसाच. तो गरकन फिरला, पाय घसरला आणि गाड्याच्या साखळीचा आकडा त्याच्या तोंडावर बसला. पुढच्या अकराजणांना काही दिसलं नाही. तेवढ्यात चर्च सुटलं. बाबा टोपी हातात घेऊन धावत आले, “माझ्या पोराला हात कुणी लावला?” म्हणून ओरडले. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, क्विरिन. पण तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालास, “मी ढकललं.”

तेव्हा ते केवढंसं वाटलं होतं! डोळा सुजला होता, रक्त थोडंच होतं. ठाण्यावरचे जाडे डोब्लर आठवतात? पेन्सिल चाटत म्हणाले होते, “लेकरांनो, ही किरकोळ मारहाण. माफी माग, जेवणाचा खर्च लोहमोसवाल्यांनी उचला, वरून साहेबांची सही आली की फाईल बंद.” तू सहीसुद्धा ऐटीत केलीस. संध्याकाळी तळ्यावर मला म्हणालास, “तुझ्या बापानं तुला गिरणीत दळलं असतं. मला काय, चार शिव्या!” मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, मग हसले, मग तुला चिमटा काढला. आपण शेवटचे सुखी होतो ते त्या संध्याकाळी.

नवव्या दिवशी म्युनिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा गेला. हात तोच, साखळी तीच, आणि तू सही केलेला कागदही तोच. पण फाईल एका पेटीतून उचलून दुसऱ्या पेटीत टाकली गेली. तोवर आपल्याला पेट्या दोन असतात हेच कुठं ठाऊक होतं? वकिलानं तुझ्या आईला समजावलं ते मी दाराआडून ऐकलं. ज्या गुन्ह्याला कायद्यानं कमीत कमी एक वर्षाची कैद लिहिलीय तो गंभीर, त्याखालचा तो किरकोळ. तुला शिक्षा किती होते याला महत्त्व नाही, पुस्तकात खालची पायरी कुठली लिहिलीय याला आहे. किरकोळ असेल तर साहेबाला फाईल मिटवता येते. गंभीर असेल तर माफी, बिअर, जेवण, गावकऱ्यांच्या सह्या, कशाचाही उपयोग नाही. जाणूनबुजून ढकलणं आणि गेलेला डोळा, दोन्ही मिळून रेघेच्या पलीकडे.

कोर्टात हार्टल म्हणाला होता, “मला मागून कुणीतरी ओढल्यासारखं वाटलं.” न्यायाधीश मायेनं म्हणाले, डोक्याला मार बसला की गोंधळ होतो. मग मला बोलावलं. मी सांगितलं की माझी पाठ तिकडे होती, मी किटली सांभाळत होते. मी काही पाहिलं नाही. शपथ घ्यायला लावली नाही. त्या मेहेरबानीची किंमत मला तेव्हा कळली नाही. हेच खोटं शपथेवर बोलले असते तर मीही त्याच गंभीर पेटीत गेले असते. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. शिक्षा झाली चौदा महिन्यांची, पण तुरुंगात न जाता, चांगल्या वागणुकीच्या अटीवर. लोकांनी सुस्कारा सोडला. तुझी वनखात्यातली उमेदवारी त्याच आठवड्यात गेली. ज्याला झाडांची नावं माणसांच्या आधी यायची, त्याला रेंजर होता येणार नाही असं एका ओळीच्या पत्रानं कळवलं. ऑक्टोबरात तू ऑस्ट्रियात, स्टायरियाच्या लाकूडगिरणीत निघून गेलास. बस सुटली तेव्हा मी औषधाच्या दुकानामागे उभी होते. तुझी हिरवी टोपी खिडकीत दिसली. तू वळून बघशील म्हणून मी बाहेर आले नाही आणि तू वळला नाहीस म्हणून आजवर तुझ्यावर रागावलेय. बघ, माझ्या डोक्यात हे असं सगळं चालतं.

आता हस. मी त्याच कोर्टात कारकून आहे. वीस वर्षं. जागा निघाली, आईनं अर्ज भरला, मी गेले. दिवसभर मी टंकते: किरकोळ, किरकोळ, गंभीर, किरकोळ. दुसऱ्याच वर्षी एक खटला आला. खानावळीतल्या पोरीनं गमतीत गिऱ्हाइकाची खुर्ची मागे ओढली, तो पडला, कानानं कायमचा बहिरा झाला. मी टंकत होते, वाटलं, गेली पोर. मॅडम न्यायाधीश म्हणाल्या, इजा करायचा हेतूच नव्हता, हा निष्काळजीपणा. नुकसान कितीही मोठं असो, गुन्हा किरकोळच. दंड भरला आणि पोरगी घरी गेली. कळतंय ना तुला, क्विरिन? मी खरं बोलले असते तर मला दंड झाला असता आणि तुला काहीच नाही. बाबांनी आदळआपट केली असती, महिनाभर जेवले नसते. बस्स. गंभीर गुन्हा तिथं घडलाच नव्हता. तू मला वाचवायला ‘ढकललं’ म्हणालास, मी घाबरून गप्प बसले आणि आपण दोघांनी मिळून एका किरकोळ गोष्टीतून तो घडवला.

त्या दिवशीच धावत यायला हवं होतं मी. नाही आले. बाबा होते, मग बाबांचं आजारपण, मग आई, मग नोकरी. कारणांना काय तोटा! तोवरचं मौन अडाणीपणाचं म्हणून सोडून दे हवं तर, पण पुढची एकोणीस वर्षं शुद्ध भित्रेपणाची. आणि गंमत ऐक, माझे दोन्ही अपराध, तो हिसका आणि ते खोटं, किरकोळ पेटीतले, पाच वर्षांत मुदतबाह्य. मला कायदा बोटसुद्धा लावू शकत नाही. मी स्वतः कलमं काढून पाहिली. आनंद व्हायला हवा होता. उलट कुणीतरी तोंडावर दार लावून घेतल्यासारखं वाटलं.

मार्चमध्ये या वर्षीच्या झाडाची बैठक झाली. राखणीच्या पाळ्या लावायच्या होत्या. कमिटीचा प्रमुख हार्टलच. तो म्हणाला, “पाळ्या कशाला? बावीस वर्षांत लोहमोसहून कुणी फिरकलंय?” सगळे हसले. तो नाही हसला. ज्या गावाचं झाड चोरायला कुणी येत नाही, त्या गावाला शेजार उरला नाही, हे त्याला कळतं. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मी त्याच्या कारखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. तो जेवणासोबत खायला मुळा किसत होता. किसतच राहिला, बोट कापेपर्यंत. मग म्हणाला, “बावीस वर्षं मी त्या बाईला साधा नमस्कार केला नाही.” माझ्याकडे पाहिलं नाही. अजूनही पाहत नाही. काय बोलायचं ते भिंतीला सांगतो आणि मी ऐकून घेते. पण त्याच आठवड्यात गुरुवारी भर बाजारात तो तुझ्या आईसमोर टोपी काढून उभा राहिला. तिनं खालून वर पाहिलं आणि विचारलं, “किती देऊ?” मागोमाग मी गेले, मीही सांगितलं. ती म्हणाली, “बावीस वर्षं तुला मोठी निवडून दिली. परत दे माझी अंडी.” मी तिथंच रस्त्यावर हुंदके देऊन रडले. तिनं मला जवळ घेतलं नाही, आणि ते बरंच केलं. खोक्याच्या झाकणाचा तुकडा फाडून त्यावर तुझा पत्ता लिहून दिला.

म्हणून हे पत्र. सोबत दोन कागद आहेत. एक माझा जबाब, वकिलासमोर दिलेला, खाली सही माझी, या वेळी शपथेवर. कोर्टातल्या मॅडमनाही एक प्रत दिली. नोकरीचं होईल ते होईल. दुसरा अर्ज तुझा खटला पुन्हा उघडण्याचा. तो माझ्या सहीनं चालत नाही, तुझीच लागते. तुझी नोंद जुनी होऊन कधीच पुसली गेली असेल, वनखातंही आता परत मिळायचं नाही, मग हे कशाला, असं तू म्हणशील. म्हण. पण तू ते केलं नव्हतंस हे ज्या इमारतीत खोटं ठरलं तिथंच खरं ठरावं, आणि तो कागद मी स्वतः टंकावा, एवढी माझी हाव आहे. तुझ्या घरी कोण आहे मला ठाऊक नाही. ज्यांना दाखवायचं त्यांना हे दाखव. सही पोस्टानं पाठवलीस तरी चालेल. पण जमलं तर घेऊन ये. एक तारखेला झाड उभं करतोय, हातांनी, नेहमीसारखं, दोन्ही बाजूंनी काठ्या लावून. हार्टल समोर उभा राहून हाका देणार. काल तो भिंतीला म्हणाला, “उजवीकडचं मी बघतो. डावीकडे मला दिसत नाही, झाड तिकडे कललं तर माणसं मरतील. तिथं ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल असा माणूस हवा. त्या लोहमोसवाल्याला लिही.” मी लिहिलं. डावीकडची पहिली काठी कुणाला दिलेली नाही.

मुदत केव्हाच उलटून गेली, तरीही तुझीच,
बुर्गल