सिनेमातली आत्या लूनावरून येते

देवास,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुता,

आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी गुडघ्याच्या. थंडी सरली, टेकडीवर देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी वाढली, मी खालूनच हात जोडते. दादाची वरची खोली भाड्याने दिलेली नाही. चार वर्षांपूर्वी बापाच्या तेराव्यालाही तू हॉटेलात उतरलीस. पुढच्या वेळी निदान जागा नव्हती ही सबब राहू नये.

फोनवर आपण ‘जेवलीस का’ आणि ‘गोळ्या घेतेस ना’ यापुढे जात नाही, म्हणून कागद घेतला.

तू काढलेला सिनेमा पाहिला. तू कळवलं नव्हतंस. वर्तमानपत्रात तुझं नाव वाचलं आणि तिकीट काढून गेले. शेजारच्या श्रियाला बरोबर नेलं. अकरा वर्षांची पोर, मराठी घरात जन्मून मराठीच्या प्रत्येक जोडाक्षराला ठेचकाळते. सिनेमा हिंदीत, त्यामुळे तिची अडचण झाली नाही. अडचण माझी झाली.

आधी चुका सांगते. तुझी नायिका, ती गुल्ली, धारहून बाघ गावाला बसच्या टपावर बसून जाते. तू कधी बसली होतीस टपावर? तुला बस लागायची, तू ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर लिंबू हुंगत गेली असशील. बाघच्या गुहांमध्ये चोर लपलेले दाखवलेस. तिथे चौकीदार असतो, आम्ही शाळेच्या सहली नेल्या आहेत. आणि ती बकरी. साऱ्या सिनेमाभर ती बकरी त्या मुलीच्या मागे का फिरते, हे बकरीला तरी माहीत होतं का?

श्रियाला मात्र सगळं पटलं. गुल्ली नदीत उडी मारते तेव्हा तिने माझ्या दंडाला नखं रुतवली.

मग ती आत्या आली. चष्म्याला साखळी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि भर नाक्यावर लूना थांबवून दुकानाच्या पाटीवरचं चुकलेलं इंग्रजी खडूने दुरुस्त करणारी. थिएटर हसलं. श्रिया मोठ्याने म्हणाली, “विनूआजी, ये तो आप हो.” पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. मी म्हटलं, “मैं इतनी मोटी नहीं थी.” तेही हसले. पाटी मी खरंच दुरुस्त केली होती, मनावर गावच्या नाक्यावर, ते तुला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

इथपर्यंत मला राग होता, आणि तो बरा होता. अठ्ठावीस वर्षं मुलींना व्याकरण शिकवलं, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांच्या छड्या खाऊन मी ते शिकले होते, आणि माझ्या पोटची नव्हे पण माझ्या हातची मुलगी मला पडद्यावर विदूषक करते. परतताना रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. घरी येऊन चहा ठेवला, साखरेला हात घातला आणि वाक्यं संपली. साखरेच्या बरणीमागे तो डबा आहे.

तुझ्या सिनेमात गुल्ली विचारते, “आईची साडी कुठे आहे?” आत्या सांगते, धोब्याने हरवली. मग गुल्ली नुसती वर बघते. फळीवर एक नवाकोरा स्टीलचा डबा आहे. दोन सेकंद. मग लगेच बकरी येते आणि लोक हसतात. थिएटरात शंभर माणसं असतील. तो डबा मी एकटीने पाहिला.

म्हणजे तुला माहीत होतं. त्याच दिवशी माहीत होतं.

मग मीच लिहिते, कारण तू दोन सेकंदांत जे सांगितलंस ते मी एवढ्या वर्षांत सांगितलं नाही.

वहिनी गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. दादा म्हणाला, “विनू, माझ्या कारखान्यात पाळ्या, हिला तू धारला घेऊन जा.” सात वर्षं मी तुझी वेणी घातली, तुझी नखं कापली, गोवरात तुझ्या उशाशी बसले. आणि झोपताना तू वहिनीची ती तांबडी-काळी, बाघला ठशांनी छापलेली साडी उराशी धरायचीस. माझ्याकडे पाठ करून. मी लोकांना सांगायची, मुलीला सवय लागेल, बरं नव्हे. खरं कारण एवढंच की त्या कपड्याने तुझ्यासाठी काही केलेलं नव्हतं आणि मी केलं होतं.

तू शाळेत होतीस. बोहारीण दारात बसली होती. मी माझ्या दोन जुन्या साड्या टाकल्या, तर तिने उलटसुलट करून बाजूला सारल्या. “बाई, ये दोनों तो पोंछा हैं. एक काम की दो, डब्बा ले जाओ.” मी आत गेले आणि तुझ्या उशाखालून साडी काढली. विचार केला नाही असं लिहिणार होते. केला होता.

संध्याकाळी तू शोधू लागलीस तेव्हा मी उमाशंकर धोब्याचं नाव घेतलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा घेऊन आला तेव्हा तुझ्यादेखत त्याला नको ते बोलले. तो पोरांच्या शपथा घेत राहिला. सिनेमात गुल्ली परतल्यावर घरी जायच्या आधी धोब्याच्या दुकानात जाते आणि म्हणते, “काका, माफ करना.” श्रियाने विचारलं, तिने काय केलं होतं? मी म्हटलं, काही नाही, तू समोर बघ. उमाशंकर जाऊन बारा वर्षं झाली. त्याची माफी मागायचं काम तू केलंस, मी नाही.

तुझी चिठ्ठी अजून आहे. ‘आत्या, मी बाघला आईसारखी साडी छापून आणायला जाते. काठ वहीत काढला आहे. दूध तापवून झाकलं आहे.’ सकाळी साडेसहाला मिळाली. बसस्टँड दहा मिनिटांवर. लूना अंगणात, टाकी भरलेली.

तुझी आत्या ती लूना घेऊन घाट ओलांडते, नदीकाठी वाळत घातलेल्या कापडांमधून गुल्लीला शोधते, मागे बसवते, पदराने कमरेला बांधते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय केलं ते तुला माहीत नाही, कारण मी कधी सांगितलं नाही. मी शाळेत गेले. तुला ताप आहे म्हणून सांगितलं आणि पाच तास घेतले. बाघला आले असते तर तू छापणाऱ्यासमोर वही धरून उभी असतीस, आणि मूळ साडी कुठे आहे हे मला तिथे बोलावं लागलं असतं. अकरा वर्षांची मुलगी एकटी शंभर किलोमीटर गेली, आणि मी लाजेला भिऊन धारलाच राहिले.

दिवेलागणीला कंडक्टर तुला दारापर्यंत घेऊन आला. “मैडम, आपकी बिटिया है? रास्ते भर मेरे को बीस तक के पहाड़े सुनाती आई.” मी त्याला पाणीही विचारलं नाही. तुला वाढलं. तू जेवलीस. साडी मिळाली का, तिथे कोण काय म्हणालं, काही विचारलं नाही, आणि जूनमध्ये तुला इंदूरच्या वसतिगृहात ठेवलं. वळण लागावं म्हणून, असं दादाला सांगितलं.

गेल्या मंगळवारी मी बाघला गेले. देवासहून इंदूर, मग धार, मग पुढे. एका छापखान्यात शिरले. मालक पन्नाशीचा, सभ्य. भिंतभर लाकडी ठसे. म्हणाला, “बॉर्डर कौन सी थी, मैडम?” मी एकेक ठसा पाहिला. वेल होती की जाळी? कळ्या खाली वळलेल्या की वर? सात वर्षं तो काठ रोज रात्री माझ्याकडे पाठ केलेल्या मुलीच्या खांद्यावर होता, आणि मला सांगता आलं नाही. त्याने चहा पाजला. रिकाम्या हातांनी आले.

त्या सिनेमातल्या बाईला तू सोडवलंस. मी मागितलं नव्हतं, आणि ती मी नव्हे. तेव्हा माफी मागून तुला पेचात टाकत नाही.

एकच काम कर. तो काठ कागदावर काढून पाठव. वही असेल तर तीतून, नसेल तर आठवून, तुला आठवेल. मी पुन्हा जाईन. आणि स्वतःच हातात घेऊन आलीस तर वरची खोली झाडलेली आहे. डबाही स्वयंपाकघरात फळीवरच आहे, त्यात तांदूळ असतात. झाकण अजून घट्ट बसतं.

तुला आणायला न आलेली,
विनोदिनी आत्या