नवव्या कुंपणाचा कॅमेरा

माल्टन, यॉर्कशर
रविवार, ४ ऑक्टोबर २००९

चि. ज्यूड हिस,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि नेहमीचा एक चिमटा.

पडलेल्यापाशी कॅमेरा थांबत नाही पोरी, आपणही थांबायचं नाही. हे वाक्य कुणाचं, आठवतं? तू सहा-सात वर्षांची असशील. शनिवारची दुपार होती. टीव्हीवर एक करडा घोडा कुंपणावरून उडी घेताना मानेवर आपटला आणि कॅमेरा बाकीच्यांबरोबर पुढे पळाला. तू त्या घोड्याला शोधायला टीव्हीच्या मागे शिरलीस. डॅडनी तुला कानाला धरून बाहेर ओढलं आणि हे ऐकवलं. आपला भाऊ कॉलिन हसत होता. त्याचा एक हात तेव्हा गळ्यात बांधलेला होता. तट्टावरून पडून हासळीचं हाड मोडलं होतं, आणि त्याच अवस्थेत डॅडनी त्याला पुन्हा खोगिरावर बसवलं होतं.

काल ते वाक्य आठवलं, कारण काल कॅमेरा आलाच नाही.

एक वाजता डॅड शनिवारचा कोट आणि टोपी घालून सोफ्याच्या हातावर स्वार झाले. तुला ठाऊक आहे, ते आता रेस पाहत नाहीत, स्वतः चालवतात. गुडघे आवळून, लाकडी चमच्याचा चाबूक करून. सोफ्याचा तो हात फाटून आतला काथ्या बाहेर आला आहे. आठवडाभर ते मला कोण समजतात देव जाणे. कधी तबेल्यातला चोर, कधी त्यांच्या घोड्याला आपला घोडा आडवा घालणारा कुणी जॉकी. पण शनिवारी शेवटची रेस संपली की घाम पुसत विचारतात, लोर्ना, चहा टाकतेस ना. नावानं. त्या एका हाकेवर माझा पुढचा आठवडा निघतो.

काल ती ओळखीची धून वाजली नाही. पडद्यावर एक गोरटेला जाड्या सफरचंदाचा टार्ट करत होता. डॅड म्हणाले, ह्या गोळ्याला मैदानाबाहेर काढा, घोडे चिरडतील. मी सांगितलं, वसंतापर्यंत आता रेस दाखवणार नाहीत. त्यांना वाटलं, घोडे मीच लपवलेत. चमच्याचा पहिला फटका सोफ्यावर बसला, दुसरा माझ्या कानावर. मग चमचा मोडला आणि मुठी आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण मनगटं अजून जॉकीचीच. मी कोळशाच्या खोलीत शिरून आतून कडी लावली. दाराबाहेर ते स्वतःशीच रेसचं वर्णन करत बसले होते.

गावातही निराळं काही नाही. ‘प्लाऊ’ पबमध्ये मालकानं रेसऐवजी फुटबॉल लावला, तर तबेल्यातल्या सिडनं खुर्ची खिडकीतून बाहेर भिरकावली आणि मालकाचे पुढचे दात पाडले. नंतर दोघांनी मिळून काचा झाडल्या म्हणे. शेजारच्या मिसेस आउथवेटची नात रेसआधी घोडा धरून गोल फिरवते. म्हातारीला ती शनिवारी घटकाभर दिसायची. आता म्हणते, पोरगी बिस्किटांच्या कारखान्यात असती तरी मला फरक पडला नसता.

तुझ्या टीव्ही कंपनीच्या त्या काचेच्या इमारतीतल्यांना हे सांग. माझा कान बरा आहे. काळजी करू नकोस, म्हणजे थोडी कर.

तुझी,
लोर्ना

लंडन,
शुक्रवार, ९ ऑक्टोबर

ती. लोर्ना हिस,
धाकटीचा नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि स्वच्छतागृहात जाऊन बसले. फोन का करत नाहीस, असं लिहिणार होते, मग आठवलं की फोन डॅडनी उन्हाळ्यातच भिंतीतून उपटला आहे.

रेस बंद करायचं ठरलं त्या बैठकीत मी होते. आमचा नवा साहेब पस्तिशीचाही नाही. त्यानं सांगितलं, रेस पाहणाऱ्यांचं सरासरी वय इतकं आहे की जाहिरात फक्त जिने चढवणाऱ्या खुर्च्यांची मिळते. मी म्हटलं, माझे वडील पाहतात. तो गोड हसून म्हणाला, तेच तर म्हणतोय मी. सगळे हसले. आधी बुधवार गेले, मग पावसाळी शनिवार, आता हिवाळाच गेला. वसंतातली ती एक मोठी रेस तेवढी राहील, तीही टोप्या आणि कपडे दाखवायला.

डिश बसवून घे. रेसची वेगळी वाहिनी आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोडेच घोडे. खर्च माझा.

आणि यॉर्कजवळच्या वृद्धांच्या त्या घराचा विचार कर. तिथल्या नर्स धडधाकट आहेत. तू ताडकन नाही म्हणणार हे ठाऊक आहे. पण एखाद्या शनिवारी कोळशाच्या खोलीपर्यंत तू पोचली नाहीस तर? तुझ्याशिवाय मला माहेर नाही गं.

राग धरू नकोस. धरलास तर पत्रातून कळव, पण पत्र पाठव.

तुझी,
ज्यूड

माल्टन,
रविवार, १ नोव्हेंबर

चि. ज्यूड हिस,
आशीर्वाद. चिमटा या वेळी जरा जोराचा.

तुझी डिश बसवली आणि गुरुवारी उतरवलीही. त्या वाहिनीवर रेस संपतच नाही. एक संपली की दुसरं मैदान, ते झालं की तिसरं. डॅड सकाळी स्वार झाले ते उतरेचनात. जेवण नाही, पाणी नाही, लघवी तिथेच. मी खाली ओढू गेले तर नवा चमचा डोळ्याजवळ बसला. ओठ निळे पडले तरी सोफ्याला झोडपत होते, चल रे, चल रे आळश्या. संध्याकाळी कुठल्याशा फालतू रेसच्या शेवटच्या वळणावर ते खाली कोसळले. हासळीचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्समधल्या मुलीला मोठ्या ऐटीत म्हणाले, त्यात काय, हे जुनं मोडकं हाड तर माझं हवामान सांगतं. पण माझं नाव घेतलं नाही. मला म्हणाले, ए बाई, माझा घोडा शाबूत आहे का ते बघ.

मला वाटतं, त्यांना नुसती रेस नको आहे. शनिवार हवा आहे. ती धून, तो जुना समालोचक, मध्ये घोड्यांना गोल फिरवणं, आणि शेवटी संपणं. संपल्याशिवाय त्यांना खाली उतरता येत नाही.

म्हणून मागते. तुमच्या तळघरात जुने शनिवार टेपांवर असतीलच. डॅडना परवाचं आठवत नाही, पण प्रत्येक जुन्या रेसचा निकाल तोंडपाठ आहे. ठाऊक असलेला निकाल पाहून माणूस शांत होतो, असं मला वाटतं. मीसुद्धा तशीच आहे.

त्या घराचं नाव पुन्हा काढू नकोस. कॉलिनला त्यांनी दवाखान्यातून घरी आणायचं कबूल केलं होतं, आणि त्यांना ते जमलं नाही. हे मी विसरले नाही.

तुझी,
लोर्ना

लंडन,
मंगळवार, १० नोव्हेंबर

ती. लोर्ना हिस,
नमस्कार. चिमटा पोचला, अजून दुखतो आहे.

सोबतच्या खोक्यात जुने शनिवार पाठवते आहे, धुनीसकट. तळघरातल्या माणसाला जिनची बाटली द्यावी लागली. तो म्हणाला, बाई, इथे आता उंदीरसुद्धा रेस बघत नाहीत, घेऊन जा.

त्यानं एक गोष्ट शिकवली. ज्या टेपवर घोडा मेला त्या टेपवर लाल ठिपका असतो, म्हणजे ती पुन्हा कुणी चुकून दाखवू नये. लाल ठिपक्याची एकही टेप मी घेतलेली नाही. तुझे सगळे घोडे जिवंत आहेत.

तिथे दुसरी खोकीही पाहिली. प्रत्येक कुंपणापाशी पंचांसाठी एक वेगळा कॅमेरा असायचा ना, त्याच्या टेपा. तो कॅमेरा कुणाच्या मागे पळत नाही, आपल्याच कुंपणाकडे बघत उभा असतो. त्या कधी कुणाला दाखवल्या नाहीत. अजून धूळ खात आहेत.

जेव. झोप. आणि डोळ्याला बर्फ लाव, माहीत असूनही लावत नाहीस.

तुझी,
ज्यूड

माल्टन,
रविवार, १३ डिसेंबर

चि. ज्यूड हिस,
आशीर्वाद. अक्षराला हसू नकोस, डाव्या हातानं लिहिते आहे.

आधी चांगलं सांगते. चार शनिवार स्वर्ग होता. धून वाजली की डॅड टोपी सारखी करायचे. कोण जिंकणार ते आधीच ओरडून सांगायचे आणि तोच जिंकला की माझ्याकडे बघून डोळा मारायचे. दर शनिवारी शेवटी चहा मागितला, नावानं. गेल्या आठवड्यात तर म्हणाले, लोर्ना, तू म्हातारी दिसायला लागलीस. मी भांडी घासता घासता गाणं म्हटलं.

काल पाचवी टेप लावली. रेस निम्मी झाली होती, समालोचक पुढच्या घोड्यांची नावं घेत होता आणि मी स्वयंपाकघरात होते तिथून ‘कॉपर केटल’ ऐकलं.

ज्यूड, कॉलिनचा कॉपर केटल मेला नव्हता. लाल ठिपका कसा असेल? तो पडला, उठला, आणि खोगीर रिकामं घेऊन सगळ्यांच्या पुढे पळत सुटला. कॉलिन तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. टेपवर कुणीच मरत नाही.

मी धावत आले तोवर नववं कुंपण समोर आलं होतं. डॅड ओरडत होते, आवर, आवर त्याला, लांबून उडी घेतोय. कॉपर केटलचे पुढचे पाय फांद्यांत अडकले, तो उलटा झाला, आणि आपला कॉलिन त्याच्याखाली गेला. मागच्या घोड्याचा खूर त्याच्या डोक्याला लागलेला दिसतो, क्षणभरच. मग कॅमेरा पुढे गेला. पंधरा हजार लोक बिनस्वाराच्या घोड्याला टाळ्या वाजवत होते. समालोचक म्हणाला, हा पठ्ठ्या तर एकटाच जिंकतो आहे. आणि हसला.

डॅड वाट पाहत राहिले. म्हणाले, फिरव. माझ्या पोराकडे फिरव. रेस संपली, जिंकलेला घोडा दाखवला, टोपी घातलेली एक बाई दाखवली. मग ते सोफ्यावरून उतरले आणि टीव्हीच्या मागे गेले. तू गेली होतीस तसे. भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये उकिडवे बसून हाका मारत होते, उठ रे, उठ बाळा, आता पाय हलव. मी कधी त्यांच्या तोंडून बाळा ऐकलं नव्हतं.

तिथे तो सापडेना, तेव्हा त्यांनी शेकोटीची सळई घेतली. टीव्ही फुटला, आरसा फुटला, आईचा फोटो. मी सळई धरायला गेले. मनगटाचं हाड मोडलं त्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखणं नंतर. दुसरा घाव डोक्यावर येत होता, तेवढ्यात मिसेस आउथवेट दारातून किंचाळल्या, नॉर्मन रेस्ट्रिक, घोडा थांबव. आणि ते थांबले, लगाम ओढावा तसे दोन्ही हात छातीशी घेऊन.

आता ते मारत नाहीत. जेवतही नाहीत. दिसेल त्याला एवढंच विचारतात, उठला का?

तुझी,
लोर्ना

लंडन,
शुक्रवार, १८ डिसेंबर

ती. लोर्ना हिस,
नमस्कार.

टेप मी निवडली. घोडे तपासले, तारीख तपासली नाही. कोणत्या महिन्यात काय झालं हे मी इतकी वर्षं डोक्याबाहेर ठेवलं, की ते खरोखरच बाहेर गेलं होतं. ती रेस मी कधी पाहिलेली नाही. अठरा वर्षं टीव्हीत काम करूनही नाही.

आता माझं ऐक. नाताळ झाला की सोमवारी मी गाडी घेऊन येते आहे. यॉर्कच्या घरात खोली ठरवली आहे. त्यांनी तुझं मनगट मोडलं, पुढच्या वेळी कवटी असेल, आणि मग मी घोड्यांसाठी शोधले तसे तुझ्यासाठी लाल ठिपके शोधत बसू का?

टेपांचं नाव आता काढायचं नाही. एकही मिळणार नाही. विचारूही नकोस.

तुझीच,
ज्यूड

माल्टन,
मंगळवार, २२ डिसेंबर

चि. ज्यूड हिस,
आशीर्वाद. आज चिमटा नाही, हातही तसा नाही.

तू ये. खोलीचंही मी आता नाही म्हणत नाही. काल डॅडना आंघोळ घालताना त्यांच्या पाठीवरची सगळी जुनी हाडं हाताला लागली, वेडीवाकडी सांधलेली. मनात आलं, या माणसाला आयुष्यभर उठ म्हणूनच सांगितलं गेलं, पड म्हणून कुणी सांगितलंच नाही. तिथल्या धडधाकट बायका सांगतील कदाचित.

पण हा प्रश्न घेऊन त्यांना तिथे पाठवू नये. सकाळी डोळे उघडले की उठला का. घास तोंडाशी नेला की उठला का. मी सांगते, उठला होता डॅड, मी पाहिलं. तुला माहीत आहे, त्या दिवशी मी नवव्या कुंपणापाशीच उभी होते. तो उठला, ज्यूड. आधी गुडघ्यावर, मग कुंपणाच्या फांदीला धरून उभा राहिला. टोपीची पट्टी सोडली. घोडा कुठे गेला ते हातानं डोळ्यांवर सावली धरून पाहिलं. मला बघून म्हणाला, डॅडला सांग, लांबून उडी घेतली ती घोड्यानं, मी नाही. मग ॲम्ब्युलन्समध्ये स्वतःच्या पायांनी चढला. मी हे डॅडना त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यांनी मान हलवली होती. आता ऐकत नाहीत. म्हणतात, दाखव.

दाखवायला दुसरं काही नाही. त्या नवव्या कुंपणाच्या कॅमेऱ्यानं मात्र पाहिलं असणार, कारण तो पळत नाही, असं तूच लिहिलंस. खुराचा घावही त्यात असेल, हेही कळतं मला. तो भाग तू काढून टाक, तुला येतं ते. तो फांदीला धरतो तिथपासून ॲम्ब्युलन्सची पायरी चढेपर्यंत, एवढंच पाहिजे. मिसेस आउथवेट त्यांचा टीव्ही द्यायला तयार आहेत. सळई मी विहिरीत टाकली आहे.

तू नाही म्हणालीस, तेही विचारायच्या आधीच. विचारूही नकोस लिहिलंस, तरी विचारते. कापायचं तर आधी तुला पाहावं लागेल, सगळं, पहिल्यापासून, एकटीनं. डॅडनी तुला कानाला धरून जिथून ओढलं होतं, तिथेच मी तुला परत शिरायला सांगते आहे. तू शिरणार नाहीस. तरी सोमवारी येशील तेव्हा रिकाम्या हातांनी येऊ नकोस.

तुझी,
लोर्ना