नावपट्टी नसलेली गिटार

मात्सुमोतो,
१७ फेब्रुवारी १९९६

ती. कुनिहिको भावोजींना,
तोमिएचा नमस्कार.

तुमचा निरोप आला त्या सकाळी मी मागच्या ओसरीवर लोणच्याच्या पिंपातला बर्फ फोडत होते. पाला काढून पिळला, गार पडलेले हात कोमट पाण्यात धरले, अंथरुणं कठड्यावर टाकली. सूप उकळायच्या आत उतरवायचं म्हणून घाईने आत येते तर दारात हिसानो वन्सं. बूट काढता काढताच म्हणाल्या, "दादाचा फोन आला होता. ती गिटार त्याची आहे म्हणे. परत हवीय."

सूप उकळलंच शेवटी.

इकडे थंडी अजून हटत नाही. तुमच्या हामामात्सुला एव्हाना आलुबुखारची झाडं फुलली असतील. गुडघा कसा आहे? यांच्या अंत्यविधीला तुम्ही पाठवलेली उदबत्ती पोचली होती. आभाराचं पत्र सगळ्यांबरोबर छापील गेलं, तेवढं मनावर घेऊ नये.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाल्यावर यांच्या वस्तू आठवण म्हणून वाटल्या. घड्याळ वन्संच्या मुलाला, मासे धरायच्या काठ्या यांच्या हाताखालच्या ओनोसानना. गिटार मी कपाटातच ठेवली होती. तुमचा निरोप ऐकून मी वन्संना विचारलं, ती आठवण म्हणूनच तुम्हाला देऊ का, तेव्हा त्या म्हणाल्या, "आठवण वरून खाली जाते, तोमिए. धाकट्याच्या वस्तू थोरल्याला देतात का? अपमान होतो. पण वस्तू दादाचीच असेल तर गोष्ट वेगळी. ती परत करायची."

"आणि यांची असेल तर?"

"तर तुझी. पण तू काय करणार तिचं? भात ढवळणार?"

ती यांचीच निघावी असं मला वाटत होतं, भावोजी. लपवून काय करू? हे कधी ती वाजवत नसत. वर्षअखेरच्या साफसफाईला मात्र बाहेर काढत, तारा सैल करत आणि फडक्याने सावकाश पुसत बसत. मी झाडू घेऊन आजूबाजूने फिरायची. विचारलं तर म्हणायचे, "दादाच्या कारखान्यातली." त्यापुढे काही नाही.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार, पण तिच्यावर नाव कुठेच नाही. शाळा मला थोडीच मिळाली, वाचनालयाची मात्र सवय आहे. तिथे जुन्या वाद्यांचं एक पुस्तक सापडलं. त्या काळी एकाच कारखान्यातली गिटार दुकानागणिक वेगळी नावपट्टी लावून विकत, असं त्यात लिहिलंय. चित्रं एकेक करून पाहिली. लाकूड जुळायचं, खुंट्या जुळायच्या, तरी आपली गिटार त्यांतली कुठलीच वाटेना. काय चुकतंय ते मला दिसत नव्हतं.

मग ती कापडात गुंडाळून योकोउचींच्या दुरुस्तीच्या दुकानात नेली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हसले.

"ही कोणी आरशात बघून बनवलीय का? आवाजाची बटणं या कडेला हवीत, ती त्या कडेला आहेत. तारांच्या खाचाही उलट्या. जाड तारेची खाच बारीक तारेच्या जागी."

"म्हणजे कोणाची आहे?"

"माल तुमच्या दिरांच्याच कारखान्यातला, त्यात शंका नाही. पण नावपट्टीला कधी भोकंसुद्धा पाडलेली नाहीत. चुकला म्हणून बाजूला टाकलेला माल असणार, बाई. कोणीतरी घरी नेला."

टाकाऊ माल. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले होते. वळणावर घसरली म्हणून सावरली, तेव्हा तिचं डोकं उजवीकडे आलं आणि बटणं आपसूक माझ्या डाव्या हाताखाली आली. टाकाऊ माल इतका नीट बसत नाही. थेट वन्संकडे गेले आणि विचारलं, "हे डावखुरे होते का?"

वन्संनी चहाचा पेला खाली ठेवला. "तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं माहीत. लिहिणं, जेवणं, खिळा ठोकणं, सगळं उजव्याने. मी पाठमोरी असले की हे सफरचंद सोलत, आणि मी वळले की सुरी खाली ठेवत. मला वाटायचं, पुरुषमाणसाला सोलताना कोणी पाहिलेलं आवडत नसेल.

वन्संनी सांगितलं की मामंजी जेवताना यांचा डावा हात फडक्याने कमरेला बांधत. तुम्ही कारखान्यात लागलात आणि काम सुटल्यावर मागे थांबून यांच्यासाठी ही गिटार केलीत. मामंजींनी यांना ती वाजवताना पाहिलं आणि तुम्हाला म्हणाले, "इतक्या वर्षांनी सरळ केलेला हात तू पुन्हा बिघडवलास." हे गप्प बसले. तुम्ही त्याच आठवड्यात घर सोडलंत.

"सेइगोने एक शब्द बोलायला हवा होता," वन्सं म्हणाल्या. "दादा त्या शब्दाची वाट बघत बसला आणि हा दादाच्या पत्राची. दोघंही बैल."

तेव्हा गिटार कोणाची, ते आता मला कळलंय. ती यांच्या हातासाठी केलेली, यांना दिलेली, यांचीच. तुमचा हात उजवा, तुम्हाला ती वाजवताही यायची नाही. तरी तुम्ही ती आपली म्हणून मागितलीत. पहिल्यांदा मला राग आला. मग भांडी घासताना लक्षात आलं, की थोरल्या भावाला धाकट्याची आठवण मागता येत नाही. तुमच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता.

गिटार मला नको आहे, असं नाही. पण तिच्यामुळे मला जे कळायचं होतं ते कळलं. परवापासून देव्हाऱ्यात यांच्या तसबिरीपुढे ताट ठेवते तेव्हा जेवायच्या काड्या यांच्या डाव्या हाताला येतील अशा ठेवते. पहिल्या दिवशी माझाच हात चुकला.

हे पत्र इथवर लिहून रात्री थांबवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संना बोलावलं आणि सांगितलं, "गिटार भावोजींचीच आहे. परत पाठवतेय." त्या म्हणाल्या, "बरं. दादाचीच." आणि खोक्याच्या दोरीवर बोट धरून बसल्या, मी गाठ मारेपर्यंत. दुपारी मी खोकं टपालात देऊन आले.

तुमच्या सेइगोची बायको,
तोमिए