सोवळ्यात वाटलेली मनशीळ

अण्णा,

तुमच्यावर रागवायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा मुलीने बापापुढे आवाज चढवायची सोय नव्हती, आणि रागवावं असं काही घडलंय हेही मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय, तर ऐकायला तुम्ही नाही. भांडायला माणूसच नसलं की भांडण नुसतं अंगात फिरत राहतं. गेले कित्येक दिवस माझं तसं झालंय. भाजी चिरतानाही मी तुम्हाला उत्तरं देत असते.

पोलादपूरच्या शाळेत तुम्ही हेडमास्तर, तीस सालाच्या आगेमागची ती वर्षं. वर्षभर तुमचा धाक, पण शिवरात्र जवळ आली की तुम्हीच मूल व्हायचात. महाडच्या छबिन्याला गावोगावच्या देवांच्या पालख्या यायच्या आणि आपल्या देवाच्या पालखीपुढे जळायची ती चंद्रज्योत तुमच्या हातची. पांढरीशुभ्र, डोळे दिपवणारी. विकतच्या दारूकामाला तुम्ही नाक मुरडायचात. तुमची नुसती हौस, पण त्या हौसेलाही शास्त्र लागायचं. सोरा आणि गंधक मागच्या पडवीत कुटलेले चालत. मनशीळ, तो नारंगी दगड ज्याच्यामुळे उजेडाला पांढरेपणा येतो, ती मात्र देवाच्या कामातला मुख्य जिन्नस. लोक वहाणा घालून वावरतात तिथे ती वाटायची नाही. ती सोवळ्यात वाटायची. म्हणजे स्वयंपाकघरात, आईच्या पाट्यावर, आणि आईनेच, न्हाऊन, उपाशीपोटी. तुम्हाला शाळा असायची ना.

ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई ओलेत्याने पाट्यासमोर बसली आहे. वरवंटा पुढेमागे जातोय आणि भुकटी उडून तिच्या केसांवर, पापण्यांवर, ओठांवर बसते आहे. ती ओठांवरून जीभ फिरवते, खोकते, पुन्हा वाटू लागते. तुम्ही दारात उभे, आत न येता, सूचना देताय. "आणखी बारीक. मैद्यासारखी झाली पाहिजे." ती म्हणते, "अहो, घसा फार खवखवतो याने. परसात बसून वाटलं तर नाही का चालणार?" तुम्ही म्हणता, "वैद्य औषधात घालतात ती. लोक पोटात घेतात, आणि तुला नुसती वाटून काय होणार आहे?" मग ती पुन्हा वरवंटा हातात घेते. शेवटी पाटा राखेने घासून धुते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाट्यावर खोबऱ्याची चटणी वाटते. तुम्ही ती बोटं चाटून खायचात. मीही खायची.

एका वर्षी भुकटी नीट झाली का बघायला तुम्ही चिमूटभर चुलीतल्या निखाऱ्यावर टाकलीत. पांढरा धूर झाला आणि घरभर लसणाचा वास सुटला. तुमचा चेहरा पालटला. "सोवळ्यात लसूण कुणी आणला?" आई म्हणाली, "घरात लसणाची पाकळी नाही हो." तुमचा विश्वास बसेना. टोपल्या उलट्या केल्यात, शिंकाळं उतरवलंत. लसूण सापडला नाही, तरी विटाळ झालाच असं ठरवून तिला पुन्हा अंघोळ करायला लावलीत आणि सगळी मनशीळ नव्याने वाटायला लावलीत. तिने वाटली. तेव्हा मला तुमच्या शोधाशोधीचं हसू आलं होतं. आज ते आठवलं की हातातलं काम टाकून उठावंसं वाटतं.

पुढे तिचे तळहात राठ झाले, त्यांवर काळे ठिपके उठले. पायांना मुंग्या यायच्या, खाल्लेलं उलटून पडायचं. दूध घालायला येणारी वाडीवरची बाई म्हणाली, "वैनी, कुणाची तरी नजर लागली हाय तुमाला. हाताचा रंग बगा, असा कुठं असतो? मीठमिरच्या ववाळा गो." ती गेल्यावर तुम्ही तिच्या अडाणीपणाला हसलात आणि उष्णता आहे म्हणून आईला धने-जिऱ्याचं पाणी दिलंत. तुमच्यात नि तिच्यात काय फरक होता, सांगा बघू.

शेवटी सर्व्हिस मोटारने आपण तिला महाडला डॉक्टरांकडे नेलं. मी तिला धरून बसले होते. डॉक्टरांनी तिचे तळहात उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि विचारलं, "मास्तर, घरात सोमल येतो का? उंदरांसाठी वगैरे?" तुम्ही ताठ झालात. "डॉक्टर, मी शाळा चालवतो. माझ्या घरात विष येत नाही." तुम्ही खोटं बोलला नाहीत. सोमल म्हणजे विष आणि मनशीळ म्हणजे औषध, हे तुमच्या डोक्यात पक्कं होतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि ताकदीच्या औषधाची बाटली दिली. परतताना आई म्हणाली, "छबिना जवळ आलाय, तोवर बरं वाटायला हवं." त्या वर्षीही तिनेच वाटली. पुढच्या शिवरात्रीला ती नव्हती.

परवा आपलं पोलादपूरचं घर आवरताना माळ्यावर उरलेल्या मनशिळेची एक बरणी सापडली. माझा मुलगा मुंबईला रसायनशास्त्र शिकला आहे. त्याने झाकण उघडलं आणि लगेच लावलं. "आई, हात लावू नकोस. हे सोमलाच्याच घराण्यातलं. जाळलं तर लसणासारखा वास येतो." मी उंबऱ्यावर बसले. अण्णा, गणितात एक पायरी गाळली तर तुम्ही मुलांना पाटी पुसायला लावायचात. मग डॉक्टरांना 'असं का विचारताय' एवढं तरी विचारायचंत. घसा खवखवतो असं ती सांगत होती, ते तरी ऐकायचंत. परसात वाटली असती तर देव काही रुसला नसता. मला इतका संताप येतो की तुमचा फोटो भिंतीवरून काढून ठेवलाय.

ती गेल्यावर तुम्ही दारूकाम सोडलंत. मी माहेरी आले की ओट्यावर बसून तुम्ही हलक्या आवाजात विचारायचात, "तिला नेमकं काय झालं होतं गं?" दर खेपेला. वैद्यकाची पुस्तकं आणून वाचलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलंत, आणि ते विचारतच गेलात. आता माझ्यापाशी उत्तर आहे. हा कागद कुठे धाडायचा नाही, तेव्हा खरं सांगते. आज तुम्ही समोर बसून परत तेच विचारलं असतंत, तर एवढा राग असूनही मी म्हटलं असतं, "ताप होता, अण्णा. अंगात मुरलेला ताप."