मटार नव्हेत, स्वीट पी

मुलुंड, रविवार, १२ जानेवारी १९८६

गॅलरीत तेलाच्या डब्यात मी स्वीट पी लावलेत, फुलांसाठी. 'पी' म्हणजे मटार, असं सासूबाई धरून चालल्या. तेव्हाच का नाही सांगितलं मी? महिनाभर त्या तांदळाचं धुवण न चुकता डब्यात ओततायत.

आज पहिलं जांभळं फूल आलं. त्या खुशीत म्हणाल्या, "आता शेंगा धरतील गो. उसळ करूया."

सांगावंच लागलं. "आई, ह्या शेंगा खात नाहीत. विषारी असतात."

त्या तडक आत निघून गेल्या. वाटलं, संपलं, आता डब्याला पाणीसुद्धा मिळायचं नाही.

संध्याकाळी बघते तर पुन्हा धुवण! म्हणाल्या, "बघतेस काय? वासाचं तरी आहे ना."

आणि माझं एकुलतं एक फूल त्यांच्या अंबाड्यात.