फुलं कोण तोडतं?

सोमवार, ३ जून
पुन्हा एकही फूल नाही. रक्तातल्या लाल पेशींवर अँटिबॉडीचा लेप चढवला, त्या पांढऱ्या पेशींमध्ये मिसळल्या. पांढऱ्या पेशीने लेप ओळखून लाल पेशींना धरायचं, भोवती त्यांचं कडं जमलं की झालं फूल. कॉलेजात माझ्या फुलांचं बाई कौतुक करायच्या. इथे सगळ्या पेशी सुट्या, एकमेकींची तोंडं न बघणाऱ्या जावांसारख्या. शुक्रवारी साहेब स्वतः पाहणार. फुलं दिसली तर हे टेबल माझ्याकडे, नाहीतर नव्या टेक्निशियनकडे. यावरून काय ते समजावं.

मंगळवार, ४ जून
संशय पक्का. माझ्या नळ्या ओसाड, त्या नव्या मुलीच्या नळ्यांत बाग. वर मलाच म्हणाली, मॅडम, शेवटी नळी हलक्या हाताने हलवा, पेशींची पकड नाजूक असते. मी म्हटलं, मी हे शिकले तेव्हा तू पाळण्यातही नव्हतीस. पेशी म्हणजे काय लाडावलेली पोरं आहेत? मी नळी चांगली खडसावून हलवते. न मागता सल्ला देणाऱ्यावर नजर ठेवायची.

बुधवार, ५ जून
सकाळी : आजपासून कोणावर ओरडायचं नाही.
अकरा वाजता : ओरडले. ती फ्रिजजवळ उभी होती. म्हणे सीरम काढत होते. मग हसायचं काय कारण?
रात्री यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, तू चहात साखर ढवळलीस की शेजारचे जागे होतात, तिकडेही तसंच करत नाहीस ना? यांची आणि तिची ओळख आहे का, पाहायला हवं.

गुरुवार, ६ जून
नळ्यांवर माझी सही. फ्रिजला कुलूप, किल्ली माझ्याकडे. उद्या तिला रजा द्या, असं साहेबांना बजावलं. लगेच हो म्हणाले. म्हणजे त्यांनाही संशय होताच.

शुक्रवार, ७ जून
खोलीत मी एकटी. लेप मी चढवला, पेशी मी मिसळल्या. साहेब आल्यावर त्यांच्यासमोर नळी अशी हलवली की त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. विचारलं, नळीला आज आणखी कोणाचा हात लागला का? मी ताठ मानेने सांगितलं, फक्त माझा.

टेबल तिला. सोमवारपासून मी स्टोअरमध्ये. तिथलं सगळं सामान प्लास्टिकचं आहे, असं साहेब दोनदा म्हणाले. नक्कीच काहीतरी लपवताहेत.