खाट नंबर सात

मु. मराठी शाळा (कालपर्यंत कॉलरा वॉर्ड), शिंदखेडा तालुका
१४ ऑगस्ट १९६९

तीर्थरूप अक्कास,
धाकट्या पितांबरचा साष्टांग नमस्कार. तुझी, भाऊजींची आणि केळीच्या बागेची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो. माझी ठणठणीत आहे. तुझी तार मिळाली. तेव्हा आधी रडणं थांबव आणि बोललेला नवस मागे घे (नारळ फोडायला हरकत नाही).

रुपचंदने तुला खोटं सांगितलं नाही. सावद्याहून केळीचा ट्रक घेऊन जाताना तो इथे डोकावला, आणि मी कॉलऱ्याच्या खाटेवर सलाइन लावून पडलेला त्याला दिसलो. पण मला कॉलरा झाला नव्हता. मला झोप लागली होती.

साथ सुरू झाल्यापासून एकोणीस दिवस मी एकटा कंपाउंडर बावीस खाटांमधून फिरत होतो. कॉलऱ्याच्या रोग्याला लघवी झाली की तो वाचला समजायचं, म्हणून दर तासाला प्रत्येकाला तेवढंच विचारायचं. पुढे पुढे समोर कोण आहे तेच कळेना. पाहणीला आलेल्या मामलेदारसाहेबांना मी नमस्काराऐवजी "लघवी झाली का?" असं विचारलं. (साहेब घाबरून "हो" म्हणाले.)

त्याच दुपारी धुळ्याहून नव्या नर्स सुनंदाबाई आल्या. डॉक्टर शेजारच्या गावी गेलेले, आणि बाई मला ओळखतही नव्हत्या. वाटलं, आता पाच मिनिटं पाठ टेकावी. सात नंबरचा लोटन सकाळीच बरा होऊन घरी गेला होता, त्याच्या खाटेवर पडलो. शाळेच्या फळ्यावर मात्र माझ्याच अक्षरात 'खाट ७ : सलाइन, दोन बाटल्या' तसंच राहिलं होतं. पुसायचं विसरलो. बाईंनी फळा वाचला, डोळे खोल गेलेला, दाढी वाढलेला इसम पाहिला आणि कामाला लागल्या. सुई टोचताना मी जागा तर झालो नाहीच, उलट म्हणे आपणहून हात पुढे करून मूठ वळली. इतका शहाणा पेशंट त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता.

संध्याकाळी जाग आली ती दोन बाटल्या अंगात मुरल्यावर. मग जे व्हायचं ते झालं, आणि बाईंनी ती आनंदाची बातमी सगळ्या वॉर्डाला ओरडून सांगितली. रोग्यांच्या नातेवाइकांनी मला हात जोडले. आमची आया बेबाबाई तेवढी पदर तोंडाला लावून हसत होती. तिला पहिल्यापासून माहीत होतं! जाब विचारला तर म्हणाली, "भाऊ, इतला दिनमा तू निजना, तुले कसाले उठाडू?" आता सरकारी रजिस्टरात मी 'बरे होऊन गेलेले' या रकान्यात आहे.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.
तुझा,
पितांबर

ता. क. : पत्र मोठ्याने वाचताना मामलेदारांचा मजकूर गाळावा.

आणखी एक ता. क. : वर ठणठणीत लिहिलं, ते खरं नाही. वॉर्ड बंद झाला, रजाही मंजूर झाली, पण त्या दुपारनंतर मी पुन्हा झोपलेलो नाही. साथीच्या दुसऱ्या आठवड्यात तीन नंबरचे उखर्डू आबा गेले, तेव्हा बाकावर बसल्या बसल्या माझा पाव तास डोळा लागला होता. डॉक्टर म्हणतात, तू जागा असतास तरी ते गेलेच असते. मलाही पटतं. पण डोळे मिटले की कोणीतरी हाक मारतंय असं वाटतं, आणि अक्का, मला भीती वाटते. त्या दुपारी झोपलो तो सुनंदाबाई जाग्या होत्या म्हणून. रविवारच्या गाडीने सावद्याला येतोय. मांडे नकोत, भरीत नको, काही करू नकोस. मी निजलो की तेवढी शेजारी जागी बस.